ठराव मंजूर, गटारात उतरणार कोण?

(तालुक्याच्या गावी भरलेल्या सभेत एका खेड्यातील शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आजच्या सभेपुढील विषय नगरपालिकेचा कारभार हा आहे. या विषयावर बोलणारे वक्ते बहुधा रस्ते, दिवे, बागा आणि पुतळे यांविषयी बोलतात. आम्ही गटाराविषयी बोलणार आहोत. कोणी नाकाला पदर लावण्याचे कारण नाही. घराची स्वच्छता दिवाणखान्यात कळत नाही, मोरीत कळते. तसाच शहराचा कारभार कचेरीच्या दर्शनी भागावरून कळत नाही, गटारावरून कळतो.

गटाराची दुरुस्ती कशी होते ते पाहा. पावसाळा तोंडावर आला की सभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ येते : अमुक प्रभागातील भुयारी गटाराची दुरुस्ती व सफाई करणे. सभासद हात वर करतात, विषय मंजूर होतो. मग निविदा निघते, ठेकेदार येतो, ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम. आणि या उतरंडीच्या तळाशी एक मनुष्य कमरेला दोरी बांधून चेंबरात उतरतो. ठराव साऱ्या सभेचा, नफा ठेकेदाराचा, आणि चेंबर मात्र त्या एकट्याचे! तो कोणत्या जातीचा असतो हे या सभेत सांगावयास पाहिजे काय? निविदेत जातीचा रकाना नसतो. तरीही मुकादम ज्या वस्तीत माणसे शोधावयास जातो ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही.

आम्ही मास्तर आहोत, म्हणून थोडे पदार्थविज्ञानही सांगतो. बंद गटारात मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून खाली साचून राहतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास थांबला म्हणून मनुष्य निर्धास्त होतो, आणि तोच त्याच्या मरणाचा क्षण असतो. तो पडलेला पाहून वरचा सोबती धावून उतरतो, आणि तोही पडतो. एका चेंबरातून दोन-दोन, तीन-तीन प्रेते निघतात ती याच कारणाने. याला लोक दैव म्हणतात. वायू मोजण्याचे यंत्र असते, मैला ओढून घेणारी गाडी असते, जोराच्या पाण्याने तुंबलेली नळी मोकळी करणारी यंत्रे असतात. ती असताना माणूस उतरविला, तर त्यास दैव म्हणावे की हिशेब?

कोणी म्हणेल, सरकारने कायदा करावा. बांधवांनो, कायदा झालेला आहे! पहिला कायदा 1993 साली झाला. दुसरा 2013 साली झाला आणि त्याच वर्षीच्या 6 डिसेंबरपासून लागू झाला. सुरक्षेच्या साधनांवाचून कोणाही माणसास गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे हा या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. साधने दिली तरीही हवा तेव्हा माणूस उतरविता येत नाही. यंत्र चालतच नाही अशा मोजक्या प्रसंगीच ती मुभा आहे, आणि त्यापलीकडे अगदीच अपरिहार्य झाले तर मुख्य अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवून परवानगी द्यावी लागते. 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास 10 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली फर्माविले. 20 ऑक्टोबर 2023 रोजी ती रक्कम 30 लाख केली. कागदावर आणखी काय उरले?

उरला तो अंमल! आणि ठराव व अंमल यांत किती अंतर असते हे आमच्या समाजाने महाडास पाहिले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत हा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात 1923 साली मंजूर करून घेतला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पाणी मात्र मिळाले नाही. तीन वर्षे तो कागद दप्तरात पडून होता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. आणि लगेच त्याच नगरपालिकेने ऑगस्टात तो ठराव मागे घेतला! उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास 1937 साल उजाडले. यातून घ्यावयाचा धडा हा की ज्याच्यासाठी ठराव झाला तो जागेवर जाऊन उभा राहीपर्यंत ठराव म्हणजे रद्दी. आजचा गटाराचा कायदा 1924 सालच्या महाडच्या ठरावासारखाच दप्तरात निजला आहे.

आता सभासदाने काय करावे, याचा कित्ता पाहा. महात्मा जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चावे असा विषय आला. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे. मत पडले एकच, परंतु त्या एका मतानेच त्या सभेचा इतिहास आम्हांस ठाऊक आहे. बाकीच्या एकतीस जणांची नावे कोणाच्या तोंडी आहेत? या जोतीरावांनी 1868 सालीच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला होता, हे विसरू नका. आधी घरचा हौद, मग नगरपालिकेतील मत, असा त्यांचा क्रम होता.

शृंगाराचा तो खर्च अद्याप संपलेला नाही. कमान उभारली की फीत कापावयास मिळते, दगडावर नाव कोरले जाते. गटाराची फीत कोण कापणार? त्याच्या झाकणावर कोण नाव कोरणार? म्हणून वरच्या कामास पैसा असतो आणि खालच्या कामास माणूस असतो. पण पाणी आपला हिशेब पुरा करून घेते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याही शहरास जड जाता, हे खरे. परंतु तेथील जुने नाले तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते, आणि ती क्षमता दुप्पट करावी असा अहवाल 1993 सालीच तयार होता. बारा वर्षे गेली, काम अपुरेच होते. बुडाले ते केवळ झोपडीवाले नव्हते.

येथे आम्हांस एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. आमच्या चळवळीने बहुजनसमाजास सभागृहात जागा पाहिजे म्हणून लढा दिला. ती मागणी न्याय्य होती. आज बहुतेक नगरपालिकांत आमच्याच जातीचे, आमच्याच आळीचे लोक बसतात. बायाही मोठ्या संख्येने बसतात. पूर्वी जेथे पगडी बसे तेथे आता फेटा बसला आहे. पण चेंबरात उतरणारा मनुष्य तोच राहिला असेल, तर बदलले काय? कित्येक ठिकाणी ठेकेदारही आमचाच सोयरा असतो. ज्या जुलमाविरुद्ध वडिलांनी लेखणी झिजविली, तोच जुलूम लेकांनी ठेका म्हणून घेतला, तर सत्यशोधकांचे नाव घेण्याचा अधिकार कोणास राहील?

म्हणून नुसती मते देऊन घरी बसू नका. गटाराच्या कामाविषयी पाच प्रश्न पाठ करून ठेवा. काम यंत्राने होणार की माणसाने? माणसाने, तर परवानगीचा कागद कोणाच्या सहीचा? वायू मोजला काय? मुखवटा, पट्टा, हातमोजे दिले काय? आणि ठेक्यात लिहिलेली मजुरी त्याच्या हातात पडते काय? ही उत्तरे मागावयास वकील लागत नाही. 2005 सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने साधा अर्ज आणि दहा रुपये एवढ्यावर ठेक्याची प्रत मागता येते, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. सातवीपर्यंत शिकलेल्या मुलाकडून हा अर्ज लिहून घ्या. त्याचे शिक्षण त्या दिवशी कामी आले असे आम्ही समजू.

काहींना वाटेल, आम्ही खेड्यातली माणसे, शहराच्या गटाराशी आमचा संबंध कोणता? दुष्काळात पोट भरावयास शहरात गेलेला मुकादमाच्या हाती लागतो, तो खेड्यातलाच असतो. आणि आता खेड्यातही घरोघर संडास झाले आहेत. एकच मोठी बंद टाकी बांधाल तर ती उपसावयास उद्या कोणाला तरी बोलवावे लागेल, आणि शहराचे पाप गावात येईल. दोन खड्ड्यांचा संडास बांधा. एक भरला की बंद ठेवा व दुसरा वापरा. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातील मैल्याचे कोरडे खत होते, ते घरधन्याने स्वतः काढून शेतात घालावे. जातीचा प्रश्न असा खड्डा खणतानाच सुटतो!

पुढच्या वेळी तुमच्या आळीत चेंबराचे झाकण उघडलेले दिसले तर तोंड फिरवून जाऊ नका. तेथे उभे राहा आणि मुकादमाला ते पाच प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्या माणसास उतरू देऊ नका. त्याचा रोज बुडत असेल तर तो वर्गणी करून भरा, पण उतरू देऊ नका. महाडास तळ्याच्या काठी उभे राहावे लागले. आता गटाराच्या काठी उभे राहण्याची पाळी आहे.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो. सत्याचा जय होवो.