फोटोत काळा पट्टा का येतो?

लग्नात मोबाइलवर काढलेला व्हिडिओ थांबवून थांबवून बघा. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला, त्या फ्रेममध्ये बरेचदा अर्धं चित्र लख्ख आणि अर्धं तसंच दिसेल. मोबाइल चित्र ओळीओळीने वाचतो आणि फ्लॅश मधेच येऊन जातो. आजचा विषय, सिंक स्पीड, म्हणजे हीच भानगड, फक्त मोठ्या कॅमेऱ्यातली.

शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. १/२०० ला एक क्षण असा असतो की अख्खा सेन्सर उघडा. फ्लॅश तेव्हाच उडायला हवा. १/१००० ला पहिला पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो. उघडी राहते ती नुसती फट, म्हणून फोटोत काळा पट्टा. हा आकडा कॅमेऱ्यागणिक वेगळा, साधारण १/१६० ते १/२५०. मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आपल्याकडे हे नडतं मे महिन्यात. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! दुपारचं लग्न, नवरी मांडवाच्या सावलीत, मागे अंगण पांढरंफटक. आयएसओ १००, शटर १/२०० ठेवलं तर अशा उन्हात अ‍ॅपर्चर एफ ११ च्या आसपास लागतं. गाईड नंबर ४४ चा फ्लॅश तिथे पूर्ण ताकदीवर जेमतेम ४ मीटर पोचतो. तोच ट्रिगर लावून स्टँडवर, नवरीपासून २ मीटरवर ठेवा. पाव ताकद पुरते आणि चार्जही लवकर होतो. हाय स्पीड सिंकमध्ये पट्टा येत नाही, पण फ्लॅशची ताकद फार घटते. अक्षता काही पुन्हा पडत नाहीत.

रेडिओ ट्रिगरला निरोप पोचवायला किंचित वेळ लागतो. १/२०० ला कडेला काळं दिसलं तर १/१६० वर या. मांडवात दुसरा फोटोग्राफर असेल तर आधी चॅनेल विचारा, नाहीतर त्याच्या बटणावर तुमचा फ्लॅश उडत बसेल.

ताडोब्यात सफारीला फ्लॅश चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण वाघ मोजताना वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा ट्रॅप लावतात, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. ते थोडे मागेपुढे ठेवतात, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो. पांढऱ्या फ्लॅशचा ट्रॅप असेल तर रात्री चालत्या वाघाचे पट्टेही स्पष्ट येतात. ही करामत शटरची नाही, फ्लॅशच्या त्या क्षणभराच्या झटक्याची. वरातीत हेच करा: शटर १/६०, रोषणाई फोटोत येते आणि नाचणारे फ्लॅशमुळे जागीच थिजतात.

आणि दिवाळीनंतर वडसा, गडचिरोलीकडे झाडीपट्टीच्या नाटकाला गेलात तर ट्रिगर बॅगेतच राहू द्या. रात्रभर उभ्या असलेल्या नटाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नसतो. आयएसओ ३२०० करा, पुढच्या रांगेत सतरंजीवर जागा धरा.