खाटेच्या दांडीवरचे पट्टे



अध्यक्षांनी आपल्या परिचारिका-व्यवसायाच्या सगळ्याच प्रश्नांचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. वॉर्डात आपण तिला डीव्हीटी पंप म्हणतो. रुग्ण म्हणतात, पाय दाबायची मशीन.

घोटाळा या नावापासूनच सुरू होतो. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी मला संकोचून म्हणाल्या, “सिस्टर, काढा हो ते. मी सुनेकडूनसुद्धा कधी पाय दाबून घेतले नाहीत.” त्यांना तो आराम वाटत होता, आणि आराम कुणीही नको म्हणू शकतं. तेव्हापासून मी खाटेजवळ बसून नीट सांगते. चालताना पोटरी आवळते आणि शिरेतलं रक्त वर हृदयाकडे ढकलते. तुम्ही पडून आहात, पोटरी स्वस्थ आहे, रक्त साचतंय. साचलं की गुठळी होते, तीच डीव्हीटी, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पोटरीचं काम या मशीनचा पायाला गुंडाळलेला पट्टा करतो. दहा-बारा सेकंद हवा भरते, मग मिनिटभर पट्टा सैल पडतो, तेवढ्यात शिरा पुन्हा भरतात. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग असू दे.”

याचा उपयोग किती? ब्रिटनमधल्या ९४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या २,८७६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या वरच्या भागातल्या मोठ्या शिरांत गुठळी होण्याचं प्रमाण पट्टा नसलेल्यांत १२.१ टक्के, पट्टा लावलेल्यांत ८.५ टक्के. उलट, अतिदक्षता विभागात ज्यांना गुठळी होऊ न देणारं हेपॅरिन चालूच होतं, त्यांना पट्ट्याने जास्तीचा फायदा झाला नाही, असं २०१९ च्या अभ्यासात दिसलं. त्यात भारतातलेही रुग्ण होते. मला दोन्ही निष्कर्ष मान्य आहेत. म्हणूनच मला काळजी वाटते ती हेपॅरिन देता येत नाही अशा रुग्णाची: मेंदूत रक्तस्राव झालेला, अपघातात आतून रक्त जात असलेला. त्याला पट्ट्याशिवाय दुसरा आधार फारसा नसतो.

असाच एक रुग्ण माझ्या वॉर्डात होता. मेंदूतला रक्तस्राव, वय पन्नाशीच्या आतलं. दुपारी सीटी स्कॅनला नेताना पट्टे काढले. परत आणल्यावर सलाइन लावलं, कॅथेटर बघितला, ऑक्सिजन जोडला. पट्टे खाटेच्या दांडीवर घडी घालून ठेवलेले होते, ते तसेच राहिले. रात्रपाळीच्या हँडओव्हरमध्ये ‘डीव्हीटी पंप चालू’ असंच लिहिलेलं होतं. सकाळी मी राउंडला गेले तेव्हा मशीनचा हिरवा दिवा लागलेला होता, नळ्या जमिनीला टेकल्या होत्या आणि पट्टे दांडीवरच होते. दोन दिवसांनी त्यांना अचानक धाप लागली. ते गेले. त्या एका रात्रीमुळेच गुठळी झाली असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण चार्टवर सही माझ्या वॉर्डाची होती.

घरच्यांशीही बोलायला हवं. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली की आपल्याकडे तेल लावून चोळतात. मायेपोटीच चोळतात, पण आत गुठळी असेल तर ती सुटण्याची भीती असते. अशा पायाला पट्टाही लावायचा नाही, आधी डॉक्टरांना बोलवायचं. धमन्यांचा रक्तपुरवठा फार कमी असलेल्या पायालाही नाही. आणि दर पाळीला पट्टा उघडून नडगी, टाच बघायचीच. त्या ब्रिटिश अभ्यासातही पट्ट्यामुळे काहींची कातडी सोलवटली होती.

आज दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. चार्टवर दोन रकाने वाढवावेत: पट्टा काढल्याची वेळ आणि पुन्हा लावल्याची वेळ. एक्स-रेला नेणारा वॉर्डबॉय असो, आंघोळ घालणाऱ्या मावशी असोत की फिजिओथेरपिस्ट, ज्याने पट्टा काढला त्याने सिस्टरना सांगायचं, आणि दुसरा रकाना भरल्याशिवाय त्या पाळीच्या सिस्टरनी हँडओव्हर द्यायचा नाही. ठरावाचा मसुदा तुमच्या पिशवीत आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचून या.