विजेची दुचाकी घेताना

विजेची दुचाकी घ्यायची आहे ना? मग आधी घरीच हिशेब मांडू. रोज जाऊन-येऊन किती किलोमीटर होतात? वाटेत चढ आहे का? मागं दुधाचे कॅन किती?

दुकानदार सांगेल, ‘एका चार्जिंगला 80 किलोमीटर.’ पण ओझं आणि चढ आला, की हा आकडा खाली येतो. म्हणून गरजेहून थोड्या जास्त पल्ल्याची गाडी बघू.

250 वॉटच्या आतल्या, ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणाऱ्या गाडीला लायसन लागत नाही. पण ती ओझ्याला कमी पडते. मोठ्या गाडीला लायसन, नंबर, विमा हवाच.

बॅटरी फार महाग असते. तिची हमी किती वर्षांची, ते कागदावर बघू. आता आपल्याला वाचता येतं. सगळं वाचू, मगच सही करू.