परवाना आणि हक्क : फ्रान्समधील स्थलांतरित कामगार



परक्या देशात राबणाऱ्या कामगाराच्या खिशातील कागद किती मुदतीचा आहे, यावर त्याची मान किती ताठ राहील हे ठरते. फ्रान्समध्ये १९८४ पूर्वी वास्तव्याचा परवाना वेगळा आणि कामाचा परवाना वेगळा असे. कामाच्या परवान्याचा पहिला प्रकार एका वर्षाचा. तो कामगाराला एका व्यवसायाशी आणि एका जिल्ह्याशी बांधून टाकी. नोकरी गेली की कामाचा परवाना धोक्यात, आणि तो गेला की वास्तव्य धोक्यात. मोटार कारखान्यातील मोरोक्कन वा तुर्की मजुराने संपाची हाक ऐकावी ती या धास्तीने. मुंबईच्या गिरणीच्या फाटकावर बदलीसाठी ताटकळलेल्या पिढीला ही धास्ती समजावून सांगावी लागत नसे.

१९७४ साली सरकारने नव्या कामगारांचा प्रवेश थांबवला. १९७७ पासून मायदेशी परतणाऱ्यास दहा हजार फ्रँक देऊ केले. ज्यांच्या श्रमावर कारखाने उभे राहिले, त्यांच्या निघून जाण्याचा हा भाव!

१९८३ च्या जूनमध्ये लियाँजवळच्या मँगेत वसाहतीत तुमी जायजा हा तरुण पोलिसाच्या गोळीने जखमी झाला. क्रिस्तियाँ दलोर्म या धर्मगुरूंच्या साथीने, गांधीजी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा मार्ग स्मरून, मूठभर तरुण १५ ऑक्टोबरला मार्सेयहून पायी निघाले. ३ डिसेंबरला ते पॅरिसला पोहोचले तेव्हा त्यांच्या स्वागताला सुमारे एक लाख माणसे होती. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी त्यांच्या प्रतिनिधींना भेटून दहा वर्षांच्या एकाच ओळखपत्राचे आश्वासन दिले. चालणाऱ्यांतील अनेकांपाशी फ्रेंच नागरिकत्व आधीच होते. ओळखपत्राचा लाभ व्हायचा होता तो त्यांच्या आईबापांच्या पिढीला.

१७ जुलै १९८४ चा कायदा राष्ट्रीय सभेने एकमताने संमत केला. वास्तव्य आणि काम यांचा एकच कागद, मुदत दहा वर्षे, व्यवसायाचे बंधन नाही. पंधरा वर्षांहून अधिक काळ राहिलेले, बालपणीच आलेले, निर्वासित, कामावरील अपघाताने अपंग झालेले, अशांना तो आपोआप मिळावयाचा, आणि मुदत संपताच आपोआप नवा व्हावयाचा. ‘आपोआप’ या शब्दातच कायद्याचे सारे मोल होते. अर्ज मंजूर करणे ही अधिकाऱ्याची कृपा उरली नाही. ते त्याचे कर्तव्य झाले.

समाजवादी सरकारचे हे श्रेय मान्य करतानाच एक कटू गोष्ट दडवू नये. १९८३ च्या जानेवारीत, मोटार कारखान्यांतील स्थलांतरितांच्या संपामागे धार्मिक व राजकीय गटांची चिथावणी असल्याचे पंतप्रधान मोरवा यांनीच म्हटले होते. वेग वाढवलेल्या पट्ट्यावर उभ्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकण्यापेक्षा त्याचा धर्म शोधणे सोपे जाते, आपल्या पक्षबंधूंनाही.

पुढे ही स्वयंचलितता तुकड्यातुकड्यांनी काढून घेण्यात आली. १९८६ आणि १९९३ च्या कायद्यांनी पात्रता आवळली. २००३ मध्ये, ज्यांना अर्जावर हे ओळखपत्र मिळे त्यांची प्रतीक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आणि समाजात ‘मिसळल्याचा’ पुरावा मागितला. म्हणजे अधिकाऱ्याची मर्जी मागील दाराने परत आली. २०२४ च्या कायद्याने फ्रेंच भाषेच्या परीक्षेची पातळी उंचावली. १ जानेवारी २०२६ पासून ती लागू झाली. इमारतीच्या पायाडावर वा हॉटेलच्या मोरीवर दिवस काढणाऱ्याने ती परीक्षा द्यावयाची आहे. अभ्यास पाळीपूर्वी करावा की पाळीनंतर, याविषयी कायदा मौन पाळतो.