सकाळी इंजेक्शन, संध्याकाळी रतीब?

बैठकीत एका ताईंनी विचारलं, "सकाळी गाईला गोचिडाचं इंजेक्शन दिलं, तर संध्याकाळचं दूध घालायचं का?" भोसरीच्या कारखान्यांपलीकडे, मोशी-चऱ्होलीकडे अजून गोठे आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणी कामगारांच्या वस्तीत आणि सोसायट्यांत रतीब घालतात. त्या दुधावर लहान मुलं वाढतात. म्हणून आज हाच प्रश्न घेऊ.

हे इंजेक्शन बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिनचं असतं. जपानच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून निघालेलं हे औषध. त्याबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल मिळालं. औषध चांगलंच आहे, फक्त ते अंगात कसं फिरतं हे आपल्याला ठाऊक हवं.

ते शिरेत देत नाहीत, खांद्याजवळच्या सैल कातडीखाली देतात. तिथून ते झिरपत झिरपत रक्तात उतरतं आणि साधारण दोन ते चार दिवसांनी रक्तात सगळ्यात जास्त होतं. गोचीड ते रक्त पितात आणि लुळे पडतात. पोटातल्या गोल जंतांचंही तसंच. तेव्हा दुसऱ्या दिवशी गोचीड दिसले म्हणून "औषध लागलं नाही" म्हणत पुन्हा टोचून घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. हे औषध पाण्यात नाही, चरबीत मुरतं. गाईच्या चरबीत आणि यकृतात ते साठतं आणि तिथून थोडं थोडं रक्तात येत राहतं, दिवस नाही, आठवडे. रोड गाईच्या अंगात साठायला चरबीच कमी, त्यामुळे तिच्यात ते कमी टिकतं. बाहेर पडतं ते बहुतेक शेणावाटे. त्या शेणात शेणकिड्यांची पिल्लंही मरतात. पण गाय दुधात असेल तर काही भाग कासेत उतरतो, आणि चरबीचाच सोबती असल्यामुळे दुधातल्या स्निग्धांशाला धरून राहतो. म्हणजे साय, लोणी. दूध तापवलं की औषध जाईल, असं काही जणी म्हणतात. तसं होत नाही.

तर ताईंना उत्तर: नाही. त्या संध्याकाळचं नाही आणि त्या आठवड्याचंही नाही. बाटलीसोबतच्या कागदावर बहुधा लिहिलेलंच असतं की दुभत्या जनावराला देऊ नये. गाय आटवल्यावर द्यायचं असेल तर विण्याआधी किती दिवस सोडायचे, तेही तिथे असतं. गाय दुधात असताना गोचीड झाले तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा, "दूध किती दिवस बंद?" दूध न थांबवता चालणारे उपाय ते सांगतील. टोचल्यावर विचारून काय उपयोग? रोजचं आठ लिटर दूध महिनाभर ओतून देणं कुणाला परवडतं?

मात्रा अंदाजाने नको. एक टक्क्याच्या औषधाला ५० किलो वजनामागे १ मिली असा हिशोब आहे. कमी दिलं तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. वजनाला शिवणाची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ६६, लांबी ५५ असेल तर वजन सुमारे ३६३ किलो, औषध सव्वासात मिली. हा आकडा डॉक्टरांना सांगा, सुई मात्र त्यांच्याच हाती द्या.

आणखी एक. एक गोचीड मादी दोन-तीन हजार अंडी घालते, तीही गाईवर नाही, गोठ्याच्या भेगांत. तिथे इंजेक्शन पोचत नाही. भेगा लिंपायचं काम आपलंच. चपट्या पर्णकृमींवरही हे औषध चालत नाही, त्याला वेगळं औषध असतं. पाणथळीत गाय चरत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

डॉक्टर जवळ नसतील तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२. गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.