आपल्या कथेचा खेळ कोणी घडवायचा?

(मनमाड येथे पालक आणि महाविद्यालयीन तरुणांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मनमाड म्हटले की देशभरातल्या माणसाला जंक्शन आठवते. परंतु मनमाडकरांना आपल्या गावाची आणखी एक ओळख ठाऊक आहे. येथील रेल्वेच्या इंजिनिअरिंग कारखान्यात शंभर वर्षांहून अधिक काळ पुलांचे गर्डर घडत आले आहेत. पुलावरून जाणाऱ्या प्रवाशाला नदीचे नाव कळते. पण तो गर्डर कोणाच्या हातांनी घडला, हे त्याला कळत नाही.

संगणकीय खेळांच्या क्षेत्रात भारतीय कलावंतांची स्थिती अनेक वर्षे बहुतांशी अशीच राहिली. बंगळुरूमध्ये राजेश राव यांच्या 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह'ने गेल्या शतकाच्या अखेरीस या उद्योगाचा पाया घातला. २००८ पासून पुण्यात 'युबिसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीचे केंद्र आहे. जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळांतील मोटारी, इमारती, वेशभूषा आणि शस्त्रे आपल्या तरुणांनी घडवली. काम प्रामाणिक होते, कौतुकास्पदही होते. मात्र एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मनमाडच्या गर्डरवरून आपलीच गाडी धावते. या तरुणांनी घडवलेल्या गर्डरवरून धावणारी कथा मात्र दुसऱ्याची होती.

ही कथा आपली असावी, या आकांक्षेने जो बाहेर पडतो त्याला स्वतंत्र गेम डेव्हलपर म्हणतात. त्याची उद्दिष्टे तीनच असतात. आपल्या मनातली गोष्ट आपल्या पद्धतीने सांगणे, हाती घेतलेला खेळ पूर्णत्वास नेणे आणि दुसरा खेळ करता येईल इतके तग धरून राहणे. ऐकायला सोपी वाटणारी ही उद्दिष्टे प्रत्यक्षात फार अवघड आहेत. एका खेळात चित्रकार, कथाकार, संगीतकार आणि संगणकतज्ज्ञ यांची कामे एकमेकांत गुंफलेली असतात. आधी खेळाचा एक छोटा तुकडा संपूर्ण तयार करून प्रकाशकांना दाखवावा लागतो. त्यावरून कोणी पैसा लावला तर पुढची वाटचाल, अन्यथा स्वतःच्या बचतीवर दिवस काढायचे. खेळ विक्रीला येईपर्यंत उत्पन्न शून्य, आणि तो यायला कित्येक वर्षे लागतात.

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ हाती घेतला. सर्कशीत वाढलेली राजी नावाची मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघते, अशी ही कथा. २०१७ मध्ये या चमूने 'किकस्टार्टर' या संकेतस्थळावर लोकवर्गणीचे आवाहन केले. ठरवलेली रक्कम जमली नाही. त्या माध्यमाचा नियम असा की उद्दिष्ट गाठले नाही तर निर्मात्याच्या हाती एक पैसाही पडत नाही. तिथेच काम थांबले असते तर कोणालाही नवल वाटले नसते. ते थांबले नाही. पुढे प्रकाशक मिळाला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी 'निन्टेन्डो स्विच'वर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर हा खेळ प्रकाशित झाला. 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन लाभले.

या खेळातील एक निर्णय विशेष विचार करण्याजोगा आहे. देवदेवतांवर खेळ काढायचा म्हटले की श्रद्धाळू मनात एक रास्त शंका येते. कळ दाबताच देव उडी मारणार काय? देवतेला खेळणे करायचे काय? 'राजी'च्या निर्मात्यांनी हा प्रश्न विवेकाने सोडवला. खेळणारा देव होत नाही. तो एका सामान्य मुलीची भूमिका घेतो. दुर्गामाता तिला त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू हे कथेचे निवेदक आहेत. भिंतींवरील चित्रांपुढे राजी थांबली की पुराणकथा ऐकू येतात. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या शैलीत रंगवले आहेत आणि वास्तूंवर राजस्थानच्या गढ्या-हवेल्यांची छाप आहे. देवत्वाचा मान राखूनही खेळ रंजक होतो, हे येथे प्रत्यक्षात दिसले.

तो निर्दोष होता असे नाही. कालावधी थोडा, युद्धाचा भाग काही ठिकाणी अडखळणारा आणि शेवट घाईचा, अशी टीका समीक्षकांनी केली. निर्मात्यांनी ती मनावर घेतली. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात हिंदी संवादांचीही भर पडली. २०२५ मध्ये 'राजी : कलियुग' या पुढील भागाची घोषणा झाली. टीकेने खचायचे नाही आणि स्तुतीने थांबायचे नाही, हा कार्यकर्त्याचा गुण येथे कारागिराच्या अंगी दिसतो.

आता त्याच ऑगस्ट २०२०च्या आणखी काही घटना शेजारी ठेवून पाहू. २० ऑगस्टला एका चिनी चमूने 'ब्लॅक मिथ : वुकाँग' या आपल्या अपूर्ण खेळाची पहिली चित्रफीत जगापुढे ठेवली. ३० ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मधून भारतीय खेळणी आणि भारतीय कल्पनांवरचे संगणकीय खेळ घडवण्याचे आवाहन केले. २ सप्टेंबरला सरकारने 'पबजी'सह ११८ अॅपवर बंदी घातली. लगोलग 'फौजी' या स्वदेशी खेळाची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तो आलाही. लाखो तरुणांनी तो उत्साहाने उतरवून घेतला. पण करण्याजोगे त्यात फार थोडे आहे, अशी तक्रार लवकरच होऊ लागली.

चिनी चमूने मात्र पुढली ४ वर्षे काम केले. २० ऑगस्ट २०२४ रोजी 'वुकाँग' प्रकाशित झाला आणि ३ दिवसांत त्याच्या १ कोटी प्रती खपल्या. ज्या जुन्या चिनी कादंबरीवर तो आधारलेला आहे, तिची कथा कोणती? धर्मग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघालेल्या बौद्ध भिक्षूची! त्या कथेचे मूळ असलेला ह्युएन त्संग सातव्या शतकात येथे आला होता आणि त्याने महाराष्ट्राचेही वर्णन लिहून ठेवले आहे. ज्या यात्रेचे गंतव्य आपली भूमी, तिच्यावरचा खेळ चीनने घडवला. यात चीनचा दोष नाही. प्रश्न आपल्याला आहे. वारसा आहे म्हणून कलाकृती आपोआप निर्माण होत नाही. राष्ट्रभक्ती हे कामाला हात घालण्याचे कारण असू शकते. कामातील उणिवेवर घालायचे पांघरूण नव्हे.

खेळातून संस्कार घडवणे आपल्याला नवे नाही. शाखेच्या मैदानावर वाढलेल्यांना ते वेगळे सांगायला नको. साप-शिडीचा पूर्वज मोक्षपट. वारकरी परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देते. त्याच्या घरांत सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले असत. हा खेळ इंग्लंडला गेला, त्यातील साधना हळूहळू गळाली आणि उरली ती केवळ चढउताराची गंमत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या १२० गोल पानांवर विष्णूचे अवतार रंगवलेले असतात. ही कला लोपण्याच्या बेतात असताना सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना हाताशी धरून ती जगवली. राजाश्रय होता म्हणून गंजिफा वाचली. आज राजे नाहीत. तो आश्रय समाजाने द्यायचा आहे.

पालकांच्या मनातील चिंता येथे दुर्लक्षून चालणार नाही. मोबाइलमध्ये बुडालेली मुले घरोघरी आहेत आणि पैसे लावण्याच्या खेळांनी संसार उद्ध्वस्त झालेले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व शैक्षणिक खेळांना मान्यता दिली. जुगार आणि कथात्मक खेळ यांतील हा भेद घरातही करायला हवा. 'सोनी'च्या 'इंडिया हीरो प्रोजेक्ट'साठी २०२३ मध्ये निवडलेल्या पहिल्या ५ खेळांत 'मुक्ती' हा मुंबईतील चमूचा खेळ होता. त्याचा विषय मानवी तस्करी. गोव्यातील चमूच्या 'फिशबोल'मध्ये आजीच्या निधनानंतर एकटी पडलेली तरुणी आहे. म्हणजे पुराणकथाच हव्यात असे नाही. आपल्या माणसांची सुखदुःखेही या माध्यमात येऊ शकतात. 'ते सगळे वाईटच' असे म्हणून आपण हात झटकले तर मुले खेळायची थांबणार नाहीत. फक्त त्यांच्या हाती काय पडावे, हे दुसरे ठरवतील.

मग आपण काय करायचे? पहिली गोष्ट, चांगला भारतीय खेळ दिसला तर चोरीची प्रत न घेता तो विकत घ्यायचा. हॉटेलातल्या एका जेवणाचा खर्च निर्मात्याच्या दृष्टीने मोलाचा असतो. दुसरी, घरातील मुलाने चित्रकला, संगीत किंवा लेखन यांची वाट धरून या क्षेत्रात जायचे ठरवले, तर 'नोकरीचे काय' हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याचे उत्तरही शांतपणे ऐकून घ्यावे. तिसरी, उणीव असेल तर ती स्पष्ट सांगावी. आपला म्हणून खोटी वाहवा करणारा समाज निर्मात्याला मोठा होऊ देत नाही.

मनमाडच्या तरुणांनी विषयासाठी लांब जाण्याची गरज नाही. अंकाईच्या गडावर अगस्ती ऋषींचे स्थान आहे. शेजारच्या टंकाईच्या कुशीत जैन लेणी आहेत. ज्या ऋषींनी समुद्र प्राशन केला असे पुराणे सांगतात, त्यांच्या गडाजवळचे हे गाव नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजत आले आहे. पाण्याच्या शोधात गड चढणारी मनमाडची एखादी मुलगी आणि तिला भेटणारे अगस्ती, इतक्या बीजावर एक उत्तम खेळ उभा राहू शकतो. ते बीज येथेच पडलेले आहे.

पुलांचे गर्डर घडवणाऱ्या गावाला माप, वेळ आणि चिकाटी यांचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. घाईने जोडलेला गर्डर पहिल्याच गाडीखाली वाकतो, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. तीच शिस्त या नव्या कामाला लागू करायची आहे. हात आपले आहेत, कथा आपल्या आहेत. आता त्या हातांना पुरेसा अवधी आणि आधार देणारा समाज व्हायचे, ते आपण.