मोडलेली श्रोणी आणि छोट्या छेदाची शस्त्रक्रिया

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



गणरायाच्या मांडवात हाडे मोडण्याविषयी बोलायचे म्हणजे थोडे विचित्रच. परंतु समितीने विषय सुचवला तेव्हा मी आनंदाने होकार दिला. कारण या विषयातला अर्धा भाग शस्त्रक्रियागृहात घडतो आणि उरलेला अर्धा तुमच्या-आमच्या गल्लीत. गल्लीतला अर्धा भाग चुकला, तर शस्त्रक्रियागृहातल्या आमच्या कौशल्याला फारसा अर्थ उरत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. ज्याला आम्ही पेल्व्हिस म्हणतो त्याला आपल्या शास्त्रात श्रोणी म्हणतात. पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी, दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडे, आणि पुढे ओटीपोटाखाली ती जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा, असे हे एक वलय आहे. काचेची बांगडी एकाच जागी तुटत नाही, किमान दोन तुकडे होतात. श्रोणीचेही साधारण तसेच आहे. पुढचे हाड मोडलेले दिसले की मागेही काहीतरी निखळले आहे काय, हे शोधावेच लागते.

या वलयाच्या आत मोठ्या शिरा, मूत्राशय, आतडी आणि पायाकडे जाणाऱ्या नसा असतात. कॅनडाचे मार्विन टाइल यांनी १९८० च्या दशकात या मोडींची जी वर्गवारी रूढ केली ती आजही उपयोगी पडते. पहिल्या प्रकारात वलय स्थिर असते, विश्रांतीने आणि औषधाने काम भागते. दुसऱ्या प्रकारात पोथी उघडावी तसे वलय उघडते, किंवा बाजूच्या धक्क्याने आत दबते. तिसऱ्या प्रकारात कमरेचा एक अर्धा भाग कण्यापासून सुटून वर सरकतो. हे शेवटचे दोन प्रकार अस्थिर, आणि आजचा विषय त्यांचाच.

पोथी उघडली की आतली पोकळी मोठी होते आणि फाटलेल्या शिरांतून व मोडलेल्या हाडातून रक्त साचत राहते. बाहेर एक थेंब दिसत नाही, पण आत काही लिटर रक्त जाऊ शकते. रुग्ण बोलता बोलता पांढरा पडतो. दगावणाऱ्यांपैकी अनेक जण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत.

आपल्या काशीत अशी दुखापत कशी होते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. महामार्गावर मोटारसायकल आणि ट्रक. संक्रांतीला, इकडच्या भाषेत खिचडीला, पतंगाच्या नादात कठडा नसलेल्या गच्चीवरून पडलेले पोर. बांधकामावरचा मजूर. आणि अपघात जर ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्लीत झाला, तर रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही. मग चार जण धावतात, दोघे काखेत हात घालतात, दोघे पाय धरतात आणि जखमीला झोळीसारखा उचलून नेतात. हेतू चांगला, पण त्या प्रत्येक हेलकाव्याने मोडलेले वलय उघडते आणि धरू पाहणारी रक्ताची गुठळी सुटते.

मग करायचे काय? घरातली एक चादर किंवा धोतर घ्या. घडी घालून वीतभर रुंद पट्टा करा. जखमीला न उचलता, गुडघ्यांखालच्या पोकळीतून तो पट्टा सरकवत वर न्या. बांधायची जागा नीट लक्षात ठेवा: पोटावर नाही, कमरपट्ट्याच्या जागीही नाही, तर मांडीच्या वरच्या टोकाला कडेने जे टणक हाड हाताला लागते, त्या खुब्याच्या पातळीवर. दोन माणसांनी दोन टोके विरुद्ध बाजूंना ओढून घट्ट गाठ मारावी. गुडघे व घोटे एकत्र बांधावेत. जखमीला फळीवर, खाटेवर किंवा जुन्या दरवाजावर ठेवून, आडवाच, गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावे. खायला-प्यायला काही देऊ नये. डॉक्टर सांगेपर्यंत चादर सोडू नये. उघडी पोथी मिटवण्याचे हे काम आहे, आणि त्याला पदवी लागत नाही.

यात फार नवीन काही आहे असेही नाही. सुश्रुताचार्यांनी याच काशीत दिवोदास धन्वंतरींकडे विद्या घेतली, अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा अध्याय आहे. त्यात मांडी-पोटरी मोडलेल्या रुग्णाला फळीवर निजवून, पाच खुंट्या ठोकून बांधून ठेवण्याचा विधी येतो, आणि श्रोणी व पाठीचा कणा यांच्या दुखापतींनाही तोच विधी लावावा असे सांगितले आहे. हलू न देणे हाच पहिला उपचार, हे त्यांनी ओळखले होते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. पूर्वी अस्थिर श्रोणीला दोनच वाटा होत्या. एक म्हणजे वजन लावून कित्येक आठवडे खाटेवर पडून राहणे. त्यात पाठीला जखमा होत, फुफ्फुसात गुठळ्या जात आणि हाड वाकडे जुळून पाय आखूड राही. दुसरी म्हणजे मोठा छेद घेऊन प्लेटा बसवणे. अपघातात आधीच चेचलेल्या त्वचेवर मोठा छेद घेतला की रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांची भीती वाढते. १९९० च्या दशकात अमेरिकेत सिएटल येथे चिप राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेतून स्क्रू बसवण्याची पद्धत पुढे नेली आणि तिसरी वाट मोकळी झाली.

ही पद्धत अशी. रुग्णाला भूल देऊन, पाय ओढून, बाहेरूनच हाडे जागेवर आणतात. सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्राने वलय वरून, खालून आणि बाजूने पाहतात. नितंबाच्या कडेला सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेऊन बारीक तार कमरेच्या हाडातून त्रिकास्थीत नेतात आणि त्या तारेवरून सुमारे सात मिलिमीटर जाडीचा पोकळ स्क्रू बसवतात. मागचा सांधा धरला गेला. पुढच्या बाजूला गरजेप्रमाणे हाडातून लांब स्क्रू घालतात, किंवा दोन्ही बाजूंच्या हाडांत स्क्रू बसवून त्यांना जोडणारी दांडी त्वचेखालून नेतात. या दुसऱ्या पद्धतीला इनफिक्स म्हणतात. डेट्रॉइटचे डॉ. राहुल वैद्य यांनी २०१२ साली आपल्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केल्यावर ती बरीच माहीत झाली. त्याआधी पोटासमोर लोखंडी चौकट महिनोन्महिने मिरवावी लागे. कपडे धड घालता येत नसत, कुशीवर वळता येत नसे.

छेद लहान म्हणून काम सोपे, असे मात्र समजू नका. त्रिकास्थीतली ती वाट अरुंद आहे. स्क्रू थोडा पुढे गेला तर पाऊल वर उचलणारी नस दुखावते, थोडा मागे किंवा खाली गेला तर दुसरी. काहींच्या त्रिकास्थीची घडण जन्मतःच वेगळी असते, म्हणून आधी सीटी स्कॅन बारकाईने पाहावा लागतो. इनफिक्समुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो आणि ती दांडी काही महिन्यांनी काढावी लागते. हाडे बाहेरून जागेवर येतच नसतील, तर सरळ मोठा छेद घ्यावा. वाकडे जुळलेले हाड छोट्या छेदातून पक्के केले, तर त्यात रुग्णाचे काहीच भले नाही.

यासाठीच वेळ महत्त्वाची. पहिल्या काही दिवसांत हाडे ओढून जागी येतात. दोन-तीन आठवडे गेले की ती जिथे असतील तिथे धरू लागतात आणि छोट्या छेदाची संधी निसटते. मालीश करणाऱ्याकडे गेलेले दिवस परत मिळत नाहीत. मला पुष्कळ जण कांडवेलीविषयी, इकडच्या हडजोडविषयी विचारतात. आपल्या बीएचयूच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे आद्य शिल्पकार डॉ. के. एन. उडुपा यांनी १९६० च्या दशकात सहकाऱ्यांसह त्या वनस्पतीवर प्रयोगशाळेत संशोधन केले होते, याचा आपल्याला अभिमान आहे. पण कोणतीही वनस्पती सरकलेले हाड जागेवर आणत नाही. जागेवर आणणे आधी, सांधणे नंतर.

सहकारी डॉक्टरांना दोन शब्द. श्रोणी दाबून, हलवून अस्थिरता तपासू नका, एक क्ष-किरण चित्र पुरे. मूत्रमार्गाशी रक्त दिसले तर जबरदस्तीने नळी घालू नका. रक्तस्रावाची शंका असेल तर ट्रॅनेक्सॅमिक आम्ल पहिल्या तीन तासांतच द्या. वीस हजारांहून अधिक जखमींचा क्रॅश-२ हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्याचा हाच धडा आहे. आणि रुग्ण पुढे पाठवताना पट्टा बांधूनच पाठवा.

घरच्यांसाठीही थोडे. शस्त्रक्रियेनंतर माणूस लवकर उठून बसतो, पण मोडलेल्या बाजूवर पूर्ण भार टाकायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. आपली जुनी घरे तीन-तीन मजली, जिने उभे आणि शौचालय उकिडवे बसण्याचे. तेवढे दिवस खाट तळमजल्यावर आणा, कमोडची खुर्ची घ्या. मागे काशीवासासाठी येऊन राहिलेल्या आपल्या वृद्ध आजी-मावश्यांचेही लक्षात ठेवा. ठिसूळ हाडांमुळे त्या ओट्यावरून नुसत्या घसरल्या तरी श्रोणी मोडते आणि साध्या क्ष-किरणात मागची मोड दिसत नाही. “म्हातारपणाची कंबरदुखी” म्हणून महिनाभर निजवून ठेवू नका.

मदतीला धावताना पोलिसांची भीती बाळगू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले १३४-अ हे कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देते, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. पैशासाठीही थांबू नका. २०२५ साली अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयांत रोखीशिवाय मिळतात. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट नाही. ते कार्ड आजच काढून ठेवा.

शेवटी समितीला एक विनंती. मांडवातल्या प्रथमोपचार पेटीत मलमपट्टीबरोबर एक जाड चादर असू द्या आणि कार्यकर्त्यांपैकी दहा जणांनी ती बांधायला शिकावे. मी शिकवायला येईन, एक रविवार पुरेल. एक सेंटिमीटरचा छेद आम्ही घेऊ. पण त्या टेबलापर्यंत माणूस जिवंत पोचवणे तुमच्या हातात आहे.

विघ्नहर्ता सर्वांना सुखरूप ठेवो.

गणपती बाप्पा मोरया!